जिन्यात बसलेल्या बायका

आमच्या घरातला शुक्रवार मासळीच्या पिशवीपासून सुरू व्हायचा. अब्बा फजरची नमाज उरकून परस्पर मासळी बाजारात जायचे आणि ऊन तापायच्या आत साफी नाहीतर हमूर घेऊन बहारीनमधल्या गुदैबियातल्या आमच्या इमारतीचा जिना चढायचे. अम्मी माशाचे कल्ले उघडून बघायची, पिशवी नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "बरा हाय. पन आपल्या खाडीच्या म्हावऱ्याची सर नाय." अब्बा चप्पल काढता काढता हसायचे. बाणकोटच्या खाडीकाठचं गाव सोडून दोघांना बरीच वर्षं झाली होती, पण अम्मीच्या जिभेवरून ते गेलं नव्हतं. अब्बा जहाजांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत क्लार्क होते. खलाशांसाठी तांदूळ, बटाटे, दोरखंड आणि रंगाचे डबे बोटींवर चढवण्यात त्यांचा दिवस जायचा. शाळेत इंग्रजी, दुकानात हिंदी, जिन्यात अरबी आणि घरात अम्मीची मना-तुना करणारी कोकणी बोली, अशी मी दिवसभर भाषा बदलत फिरायची. धाकटा इम्रान सगळं समजायचा आणि उत्तर इंग्रजीतच द्यायचा. अम्मी म्हणायची, "इम्रान, खुबूस आनतंस ना?" तो म्हणायचा, "वन मिनिट, अम्मी." त्याचं ते मिनिट कोपऱ्यावर या रोट्या भाजणाऱ्या इराणी भट्टीवाल्याने शटर ओढेपर्यंत चालायचं, मग अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापायला घ्यायची आणि आम्ही मनातल्या मनात खूश व्हायचो.

इमारत तीन मजल्यांची, जिना अरुंद, आणि भिंती इतक्या पातळ की कोणाच्या घरात काय शिजतंय, कोण रागावलंय, कोणाचा एसी पाणी गाळतोय हे सगळ्यांना कळायचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर, उम्म सामी, म्हणजे सामीची आई, राहायची. तिच्या शिलाई मशीनचा आवाज ही आमच्या घराची पार्श्वभूमीच होती, तो थांबला की अम्मी म्हणायची, "बघून ये गो, बरी हाय ना ती?" उम्म सामी मूळची बसऱ्याची, इराकी. नवरा इथे वर्कशॉपमध्ये वेल्डर, सामी हा मोठा मुलगा, आणि हना ही मुलगी माझ्यापेक्षा वर्षाने लहान. बारावी झाल्यावर पुढे काय, याचा निर्णय होत नव्हता, म्हणून मी दुपारी खाली जाऊन उम्म सामीकडे कपड्यांना काठ शिवायला बसायची. ती सुकवलेल्या लिंबांचा काळसर चहा करायची. पहिला घोट तोंड वाकडं करायचा आणि तिसऱ्या घोटापासून सोडवत नसे. खजूर भरलेली बिस्किटं डब्यात असायचीच. त्या उन्हाळ्यात तिचा नवरा आजारी आईला बघायला सामीला घेऊन बसऱ्याला गेला. महिन्याभरात येतो म्हणाला होता.

आणि सगळ्यांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, रूथ. तिचं वय अम्मीपेक्षा बरंच जास्त. आपल्या रीतीप्रमाणे मी तिच्याबद्दल 'त्या' असं लिहायला हवं. पण पहिल्याच दिवशी मी 'मॅडम' म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझं नाव रूथ आहे. सगळ्यांसाठी तेच." अम्मीला ते काही जमलं नाही, ती शेवटपर्यंत रूथबाईच म्हणाली. रूथ इंग्लंडची. तरुणपणी काही वर्षं मध्य प्रदेशातल्या एका खेड्यात काम केलेलं, त्यामुळे तिची हिंदी आमच्यापेक्षा शुद्ध होती. एका छोट्या खाजगी शाळेत ती लहान मुलांना शिकवायची. शुक्रवारी सकाळी तिच्याकडे दोन-चार माणसं जमायची, एक डच इंजिनिअर, एक फिलिपिनो नर्स, कधी आणखी कोणी, आणि तासभर वरून कसलाही आवाज यायचा नाही. ती मंडळी काहीतरी प्रार्थना करतात एवढं कळल्यावर अम्मीने त्या वेळात मसाला कुटणं बंद केलं. एका शुक्रवारी बैठक संपल्यावर रूथ खाली आली आणि दारातूनच म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी कुटायचं थांबता असं नर्सने सांगितलं. कृपा करून थांबू नका. तो आवाज आमच्याबरोबर बसतो." अम्मीला वाक्य काही कळलं नाही, पण तिने रूथला आत घेतलं, घावन वाढलं, आणि नारळाच्या रसाची वाटी पुढे करत विचारलं, "तुमी वर काय करता ओ?" रूथ म्हणाली, "गप्प बसतो." अम्मी म्हणाली, "आनि?" रूथ म्हणाली, "कोणाला आतून काही म्हणावंसं वाटलं तर तो उठून म्हणतो. नाही तर नाही." ती क्वेकर होती. ना पाद्री, ना गाणी, ना मूर्ती. माणसामाणसात देवाचं काहीतरी असतं, म्हणून कुठल्याही लढाईत कोणावर हत्यार उचलायचं नाही, असं मानणारे ते लोक. ती गेल्यावर अम्मी ताट उचलत म्हणाली, "नमाज नाय, वजू नाय, नुसती बसून काय होता?" पण पुढच्या शुक्रवारपासून घावन करताना दोन जास्तीचे झाकून ठेवायला लागली.

त्याच उन्हाळ्यात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. बातमी रेडिओवर आली तेव्हा मी उम्म सामीकडेच होते. तिच्या पायाखालचं पेडल थांबलं आणि हातातलं कापड सुईखाली तसंच राहिलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो सीमेचा: "मग रस्ता बंद?" रस्ता बंद झाला होता. फोन लागत नव्हते. काही आठवड्यांनी कोणाकडून तरी तिला निरोप मिळाला की सामीला सैन्यात भरती करून नेलं. अठराचा नुकताच झाला होता तो. मला तो जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली जाणारा आणि नातूरच्या, म्हणजे वॉचमनच्या, शिव्या खाणारा पोरगा म्हणून आठवतो.

मग आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कुवेतहून निसटून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. उम्म फहद, तिच्या दोन लहान मुली आणि दीर यूसुफ. अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. फहद, तिचा थोरला, घराच्या दारातून उचलून नेला होता, इराकी सैनिकांनी, तिच्या डोळ्यांसमोर. तिला गाद्या, ब्लँकेटं, भांडी गोळा करून दिली ती रूथने. आमच्याकडचा दोन बर्नरचा स्टोव्हही तिनेच मागून नेला. रोज शाळेआधी ती उम्म फहदबरोबर मदत कार्यालयांत जायची, तिथल्या रांगेत फहदचा फोटो हातात धरून उभी राहायची, आणि तिथल्या माणसांशी न रागावता, न हटता बोलायची. उम्म फहद उंच, गोरी, ताठ बाई. ती कोणासमोर रडली नाही. तिच्या मुली मात्र सायकलची चेन खडखडली तरी टेबलाखाली जायच्या.

इमारतीत राग साचायला लागला तो या मुलींकडे बघून, आणि तो राग खोटा नव्हता. फक्त तो ज्यांच्यावर निघायला हवा होता ते लांब होते, आणि उम्म सामी पहिल्या मजल्यावर होती. किराणावाला तिला बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. कापडं शिवायला टाकणाऱ्या बायका न शिवलेलीच कापडं परत घेऊन गेल्या. तिच्या घरात वायरलेस आहे, ती तिकडे खबरा देते, असं कोणीतरी उठवलं. हनाला शाळेच्या बसमध्ये कोणी शेजारी बसू देईना. मी तिच्या घरी जायची थांबले नाही, पण खरं सांगायचं तर जिन्यात कोणी नाही असं बघून जायची. अम्मी ते बघत होती. एकदा तिने माझ्या हातात सुकटीची चटणी आणि भाकऱ्या दिल्या, आणि मी दाराला कान लावून उभी आहे असं दिसल्यावर म्हणाली, "चोरून कशाला जातंस? भाकऱ्या काय चोरीच्या हायेत?"

तिकडे रूथचंही तिच्या लोकांशी बिनसत होतं. बहारीनमध्ये परदेशी सैनिक येऊन उतरले होते, मुहर्रकच्या विमानतळाकडून विमानं दिवसभर उडायची. शाळेने मुलांना सैनिकांसाठी शुभेच्छांची चित्रं काढायला सांगितली. रूथने मुलांना चित्रं काढू दिली, पण 'तुम्ही घरी सुखरूप परत जा' एवढंच लिहायला सांगितलं. एका मुलाने विचारलं, "इराकच्या सैनिकांसाठी पण काढू?" ती म्हणाली, "काढ." पालक शाळेत धावून गेले. एका संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना मी तिला विचारलं, कारण मला ते डाचत होतं, "रूथ, सैनिक आले नाहीत तर कुवेत सोडवणार कोण? फहदला सोडवणार कोण?" एक विमान डोक्यावरून गेलं. आवाज विरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "मला माहीत नाही, शमीम." मला तिचा राग आला. एवढ्या मोठ्या बाईला माहीत नाही? ती चादरीची घडी घालत राहिली. "माझे वडील महायुद्धात बंदूक घ्यायला नाही म्हणाले. तुरुंगात गेले, मग बाहेर येऊन जखमींची गाडी चालवली. आमच्या गल्लीतल्या एका बाईचा मुलगा लढाईत मेला होता. ती रोज आमच्या दारासमोर थुंकायची. वडील रोज ते पाण्याने धुवायचे. आई म्हणायची, तिच्याशी एकदा बोला तरी. वडील म्हणायचे, तिचं थुंकणं मला समजतं." एवढं सांगून तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आता मी त्या वेळच्या रूथच्या वयाकडे सरकले आहे, आणि ठाण्याजवळच्या ज्या वस्तीत राहते तिथल्या शांतता समितीत बसते. तरुण मुलं मला असेच प्रश्न विचारतात. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांना मीही तिचंच उत्तर देते. ते ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जो राग येतो तो माझ्या ओळखीचा आहे.

थंडी पडली. बहारीनची थंडी म्हणजे वारा. समुद्रावरून येतो आणि खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या घालतो. लढाई होणार हे आता सगळे धरून चालले होते, लोक खिडक्यांना टेप चिकटवत होते. इमारतीतले पुरुष यूसुफच्या सांगण्यावरून खाली नातूरच्या खोलीत जमले. इराकी बाईला इथे ठेवायचं नाही, असं ठरलं. अब्बाही गेले होते. परत आले तेव्हा अम्मीने विचारलं, "तुमी काय बोललाव?" अब्बा म्हणाले, "मी काय बोलनार? इमारतीचा मालक माझ्या स्पॉन्सरचा मामेभाव. माझा व्हिसा त्याच्या हातात हाय." अम्मीने तांदळाचं पीठ चाळायला घेतलं आणि बराच वेळ चाळतच राहिली.

दोन-चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, मी भाकरीसाठी पाणी उकळत ठेवलं होतं तेव्हा जिन्यातून हनाची किंकाळी ऐकू आली. मी धावले. मालकाचा मॅनेजर अबू राशिद, यूसुफ आणि दोन हमाल पहिल्या मजल्यावर होते. दार सताड उघडं. गाद्यांची गुंडाळी बाहेर आली होती आणि हमाल शिलाई मशीन उचलत होते. उम्म सामी भिंतीला टेकून उभी होती, अंगावर घरातलाच गाऊन आणि डोक्यावर घाईने ओढलेला रुमाल. हना मशीनचं एक टोक धरून ओढत होती आणि हमाल बिचारा म्हणत होता, "छोडो बहन, लग जाएगा, छोडो." अबू राशिदचा चेहरा मला आठवतो. तो वाईट माणूस नव्हता; ईदला आम्हा मुलांना चॉकलेटं वाटायचा. तो सारखा म्हणत होता, "खलास, उम्म सामी, खलास. मालकाचा हुकूम आहे. मी काय करू?"

तेवढ्यात खालून रूथ आली, शाळेची पिशवी खांद्याला. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग पिशवी भिंतीशी ठेवली, कठड्याला धरून दुखरा गुडघा हळूच वाकवला आणि पहिल्या मजल्यावरून खाली जाणाऱ्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, मधोमध बसली. जिना इतका अरुंद की आता मशीनच काय, गादीसुद्धा खाली जाणं शक्य नव्हतं.

"मदाम, यल्ला, उठा," अबू राशिद म्हणाला.

"मी बसते आहे," रूथ तिच्या त्या पुस्तकी हिंदीत म्हणाली. "मला उचलून बाजूला ठेवायचं तर ठेवा. मी हात उगारणार नाही. पण आपणहून उठणार नाही." आणि तिने हात मांडीवर ठेवले आणि गप्प झाली, शुक्रवारी वर बसायची तशी.

यूसुफ इंग्रजीत ओरडायला लागला. तुझा देश इकडे सैनिक पाठवतो आणि तू शत्रूची बाजू घेतेस? रूथने त्याच्याकडे बघितलं. आवाज ऐकून अम्मी खाली आली. कोपरापर्यंत पीठ माखलेलं. ती मशीनकडे, हनाकडे, मग पायरीवर एकट्या बसलेल्या रूथकडे बघत राहिली. "सरका जरा," ती रूथला म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसली. मग मान वर करून मला म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? गॅस बंद करून ये आनि बस." मी गॅस बंद करून आले आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. हनाने मशीन सोडलं आणि येऊन माझ्या बाजूला टेकली. तिचा श्वास मला दंडावर जाणवत होता.

अब्बा दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी यायचे. त्या दिवशी ते जिना चढायला लागले आणि वर बघतात तर बायको पायरीवर. त्यांचा चेहरा उतरला. अबू राशिद त्यांना चांगला ओळखत होता. "भाई, तुमच्या घरच्यांना समजवा," तो म्हणाला. अब्बा खालच्या आवाजात अम्मीला म्हणाले, "घरात चल."

"मना हितं काम हाय."

"काय काम?"

"बसायचं."

"व्हिसा कोनाच्या हातात हाय तुना म्हाइत नाय?"

"म्हाइत हाय," अम्मी म्हणाली. "तुमी जेवून घ्या. कालवण झाकून ठेवलाय."

आम्ही अंग चोरून त्यांना वाट दिली आणि अब्बा वर गेले. दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. ते आतच राहणार, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पण थोड्या वेळाने पुन्हा दार वाजलं आणि अब्बा स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले. ती त्यांनी मधल्या जागेत, जिन्याच्या तोंडाशी मांडली, रूथला हाताला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. अबू राशिद थक्क होऊन म्हणाला, "भाई, तुम्हीसुद्धा?" अब्बा म्हणाले, "तिचा गुडघा दुखतो." एवढंच. ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टात, आणि मला दिसत होतं की तो हात खुर्चीला घट्ट धरून आहे.

मग वरून उम्म फहद उतरली. काळा पायघोळ अबाया, ताठ मान. यूसुफ बाजूला झाला. ती सरळ रूथसमोर येऊन उभी राहिली. "तू रोज माझ्याबरोबर येतेस," ती अरबीत म्हणाली, आणि मी ते भीत भीत हिंदीत रूथला सांगत गेले. "माझ्या फहदचा फोटो हातात धरून उभी राहतेस. आणि इथे हिच्या दारात बसतेस?"

"हो," रूथ म्हणाली. "तिथे उभी राहते ती मीच, आणि इथे बसले आहे ती पण मीच."

"तुझं हे बसणं माझ्या मुलाला परत आणेल?"

"नाही," रूथ म्हणाली. "नाही आणणार."

उम्म फहदला बहुधा दुसरं काही उत्तर अपेक्षित होतं. तेव्हा मागून उम्म सामीचा आवाज आला, त्या दुपारी पहिल्यांदाच. "भांडू नका. मी जाते." आणि तिने खरंच वाकून गाद्यांची गुंडाळी कवेत घेतली. उम्म फहद वळली. इतके महिने एकाच जिन्याने ये-जा करून तिने या बाईकडे कधी नजर टाकली नव्हती. आता बघितलं.

"तुझा मुलगा त्यांच्यात आहे?"

"नेला त्याला," उम्म सामी म्हणाली. "अठराचा झाला आणि नेला."

"माझ्या दारात आलेल्यांत तो असेल."

उम्म सामीने गुंडाळी खाली ठेवली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी रोज अल्लाहकडे मागते, त्याचा हात कोणाला लागला नसू दे. आधी ते मागते. तो जिवंत असू दे, हे नंतर मागते."

कोणाच्या तरी घरात नळ गळत होता. मी नंतर रूथच्या शुक्रवारच्या बैठकींना काही वेळा गेले, पण त्या दुपारी जिन्यात होती तशी शांतता मला तिथे मिळाली नाही. उम्म फहदने कठड्यावर हात ठेवला होता आणि तिचा अंगठा लाकडावरून मागे-पुढे फिरत होता. मग ती अबू राशिदकडे वळली. "सामान आत ठेवा."

"पण तुमच्यासाठीच तर..." यूसुफ म्हणाला.

"माझ्या नावावर हे करू नका," ती म्हणाली. "माझं नाव फहदची आई आहे. या कामाला ते लावू नका." आणि उम्म सामीकडे न बघता म्हणाली, "तू माझ्याशी बोलू नकोस. माझ्यासमोर जिन्यात येऊ नकोस. मला तुझा आवाज सहन होत नाही. पण राहा." ती वर निघून गेली. सगळ्यात आधी हमालांच्या जिवात जीव आला. त्यांनी मशीन आत नेऊन होतं तिथेच ठेवलं आणि एकाने जाता जाता वरची धूळ बाहीने पुसली. मालकाला मी समजावतो, असं पुटपुटत अबू राशिदही गेला.

अब्बा थंड कालवण जेवले. जेवताना म्हणाले, "नोकरी गेली तर?" अम्मी भाकरी वाढत म्हणाली, "तर गावाला जाऊ. म्हावरा तरी चांगला मिलेल." पुढचे कितीतरी आठवडे ऑफिसमधला फोन वाजला की अब्बा दचकायचे. पण स्पॉन्सरने तो विषय कधी काढला नाही. त्याला कळलं नव्हतं की कळून तो गप्प बसला, हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही.

मग लढाई झाली. सायरन वाजायचा, आम्ही टेप लावलेल्या मधल्या खोलीत विषारी वायूच्या भीतीने ओले टॉवेल दाराखाली सरकवून बसायचो. उम्म फहद मुलींना घेऊन आमच्याकडे यायची, म्हणून उम्म सामी आणि हना वर रूथकडे जायच्या, वरचा मजला जास्त धोक्याचा असूनही. एका जिन्यात जे घडलं त्याने सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. लढाई संपल्यावर कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर आमच्यापर्यंत आला. भर दुपारी दिवे लावावे लागत, दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडत, आणि अम्मी सगळं परत धुवायची. शाळेने रूथचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. रेसिडेन्सी संपली तशी तिला जावं लागलं. निघताना तिने सगळ्यांशी हात मिळवले, तिच्या बैठकीच्या शेवटी ते लोक मिळवतात तसे. अम्मीने मात्र तिला मिठी मारली आणि चांगली हमसून रडली. रूथ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पण ती असतानाच, वसंतातल्या एका सकाळी, उम्म सामीकडे फोन आला. नवरा जॉर्डनला पोचला होता. सामी जिवंत होता. सैन्य फुटलं तेव्हा वाळवंटातून चालत चालत बसऱ्याला घरी गेला होता. हना आनंदाने ओरडली आणि उम्म सामीने झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. मग छताकडे बघितलं. वर, उम्म फहदच्या घरी, अजून फहदचं काही कळलेलं नव्हतं. कैद्यांच्या तुकड्या परत येत होत्या, दर वेळी ती नावं ऐकायला जात होती, आणि फहदचं नाव येत नव्हतं. उम्म सामीने रुमालाचं टोक स्वतःच्या तोंडात कोंबलं आणि जमिनीवर बसून ती आवाज न करता हसली आणि रडली. मी मशीनपाशी बसले होते, हातात कोणाच्या तरी फ्रॉकचा काठ.

आमच्या इमारतीत काही लपून राहत नसे. उम्म फहदचं कुटुंब कुवेतला परत निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. मी उघडलं. उम्म फहद उभी होती. उम्म सामी उठली, पण बोलली नाही. बोलायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. दोघींच्या मध्ये मशीन आणि मी.

"ऐकलं मी," उम्म फहद म्हणाली. "आला म्हणे घरी."

उम्म सामीने मान हलवली.

"चालत?"

"चालत," उम्म सामी म्हणाली.

"पायात काही होतं?"

"नव्हतं."

आत ये म्हणायचं धाडस उम्म सामीला झालं नाही, मलाही नाही. मग उम्म फहदने अबाया सावरला.

"त्याच्या पायांना ऑलिव्हचं तेल लावायला सांग," ती म्हणाली. "कोमट करून."

आणि ती जिना चढून वर गेली.